वर्ग करा अन् समोर चला

दादा, तुझ्या तेरवीला जाऊन आले. वांग्याची भाजी चांगली झाली होती, बुंदी कडक होती, आणि तुझ्याबद्दल लोक जे बोलले ते ऐकून माझं डोकं अमरावतीला पोचेपर्यंत ठणकत होतं. गेलेल्या माणसाचं कौतुक करायची रीत आहे, मला मान्य आहे. पण करायचंच तर निदान खऱ्या गोष्टीचं करावं.

मांडवाच्या तोंडाशी तुझा भला मोठा फ्लेक्स लावला होता. फोटो तुझ्या डोक्यावर केस होते त्या काळातला. खाली लिहिलं होतं, 'वऱ्हाडचे गणितसम्राट'. आणि त्याच्याही खाली तुझ्या क्लासचं ते चिन्ह, वर्गमुळाचं, त्याच्या छपराखाली 'दिनकर' आणि छपराच्या बाहेर 'सर'. पहिल्यांदा पाटी रंगवली तेव्हा रंगाऱ्याची वरची रेघ आखूड पडली होती. मी तेव्हाच तुला म्हटलं होतं की याचा अर्थ मूळ फक्त दिनकरचं काढायचं आणि सर तसेच ठेवायचे. तू म्हणालास, "बरोबरच हाय. सर तं राह्यलेच पाह्यजेत." आणि ती आखूड रेघ तशीच राहिली. जाहिरातीच्या कागदांवर, ऑटोच्या पाठीवर, पोरांच्या टी-शर्टावर, आणि आता तुझ्या श्रद्धांजलीवर. गणिताच्या मास्तराच्या तेरवीला गणिताचंच चिन्ह चुकलेलं, आणि खाली उभं राहून फोटो काढून घेणाऱ्या एकालाही ते दिसलं नाही. सगळे तुझेच विद्यार्थी ना.

मग भाषणं झाली. तेरवीला भाषणं कशाला, असं मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, पंकजनं ठेवली. पंकज तुझाच मुलगा, चार माणसं जमली की माइक शोधतो. एक हाडांचा डॉक्टर उठला. अकोल्यात त्याचं मोठं हॉस्पिटल आहे हे त्यानं स्वतःच पुन्हा पुन्हा सांगितलं. मग म्हणाला की सरांनी आम्हाला गणित नाही, आयुष्याचा मंत्र दिला: रूट दिसला की दोन्ही बाजूंचा वर्ग करा अन् समोर चला. आयुष्यात अडचण आली की तिचाही वर्ग करा अन् समोर चला. लोकांनी माना डोलावल्या, माझ्या शेजारच्या बाईनं डोळ्यांना पदर लावला. अडचणीचा वर्ग केला तर ती आणखी मोठी होते, हे त्या हाडांच्या डॉक्टरला कोणी सांगायचं.

त्याच्यानंतर आणखी चारपाच जण बोलले. इंजिनिअर, बँकवाला, तेल्हाऱ्याचा एक नगरसेवक. सगळ्यांना तुझा मंत्र पाठ होता. पण ताळा हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही. काढलेलं उत्तर मूळ गणितात ठेवून पाहायचं, खरं आहे की नाही ते बघायचं, तेवढं एक काम. दोन ओळींचं. तुझ्या हाताखालून एवढी माणसं गेली आणि त्यातल्या एकालाही ते आठवलं नाही.

निघताना पंकजनं मला गाठलं. म्हणाला, "आत्या, बॅच अर्धी राह्यली हाय. मुळं आन् घातांक बाबांनीच घ्यायचं ठेवलं होतं. दोन-चार दिवस येशील का?" पंकज प्रवेश बघतो, फ्लेक्स बघतो, एसी चालतो का बघतो. मुळं आणि घातांक त्याच्या बापाच्या नावावर चालत होते. मी म्हटलं, विचार करून सांगते. खरं तर नाही म्हणायचं होतं. तुझ्या क्लासची पायरी मी कधी चढले नव्हते आणि तू असताना जे केलं नाही ते तू गेल्यावर कशाला करायचं.

पण मला एक गोष्ट कळायला हवी होती, आणि ती त्या पायरीवरच कळली तर कळणार होती. तू पिढ्यान् पिढ्या पोरांना सांगितलंस की ताळा म्हणजे वेळ खाणं. हे तू पोटासाठी सांगत होतास की तुला स्वतःलाही तसंच वाटायला लागलं होतं? पोटासाठी सांगत असशील, तर माझा भाऊ शेवटपर्यंत माझाच भाऊ होता. तसं वाटायला लागलं असेल, तर तो कधीचाच गेला होता आणि आम्ही तेरवी फार उशिरा केली.

कारण ताळा मला तूच शिकवलास.

आपल्या गावी, तेल्हाऱ्याला, तू नववीत होतास तेव्हाची गोष्ट तुला आठवते का? तुझ्या बीजगणितात एक धडा होता, करणी. दोनाचं वर्गमूळ, पाचाचं घनमूळ, अशी जी मुळं नीट सुटत नाहीत त्यांना पुस्तकात करणी म्हणतात. हे नाव ज्या पंडितानं ठेवलं त्यानं खेड्यात कधी पाऊल टाकलं नसावं. तू ओसरीवर बसून मोठ्यानं पाठ करत होतास, छेदातली करणी काढून टाकणे, करणीची कोटी ओळखणे. मोठ्या काकांची बायको, आपली मोठी माय, दारात थबकली. घरातल्या थोरल्या पोरावर कोणीतरी करणी केली आहे आणि पोरगं आपल्याच तोंडानं ती काढायचा मंत्र म्हणतंय, असं तिनं धरलं. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, लिंबू कापलं, आणि तुला कापूस वेचायला पाठवायचं नाही असं ठरलं. वर रोज वाटीभर साय. मी जाऊन सांगितलं की ते गणित आहे, पुस्तकात छापलेलं आहे, हे बघ. मोठ्या मायनं मलाच धपाटा घातला. "तू लायनी पोट्टी हायस, गप राह्य. करनी काय पुस्तकात राह्यते?"

तू साय खात होतास. माझ्याकडे बघून तू डोळा मारलास आणि पुन्हा मोठ्यानं म्हणालास, करणी काढून टाकणे. चुकीचं उत्तर तुझ्या सोयीचं होतं आणि तू ते तसंच राहू दिलंस. तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे आलं नाही.

आणि तरी त्याच ओसरीवर तूच मला बसवून शिकवलंस. मी नववीत आले होते, मुळाचं समीकरण सोडवून दोन उत्तरं काढली होती आणि खुशीत वही मिटत होते. तू माझा हात धरलास. म्हणालास, "उत्तर आलं म्हंजे झालं नाई, कुंदे. आपण वर्ग केला ना? वर्ग केला की उणं बी अधिक होऊन जाते, खोटं बी खऱ्यावानी दिसते. त्याले जिथून आलं तिथं नेऊन ठेव आन् पाह्य, बसते का." मी ठेवून पाहिलं. एक बसलं, एक बसलं नाही. जे बसलं नाही त्याच्यावर तू मला काट मारायला लावलीस, आणि शेजारी कारण लिहायला लावलंस. मी पुढची सगळी नोकरी त्या एका संध्याकाळवर काढली. अमरावतीच्या कॉलेजात माझ्या हाताखालून गेलेला एकही पोरगा ताळ्याशिवाय सुटला नाही. त्यांनी मला मागून काय काय नावं ठेवली ते मला ठाऊक आहे.

तुला नोकरी लागली नाही, मला लागली. तू अकोल्यात एक खोली घेऊन चार बाकं टाकलीस. सुरुवातीला तूही ताळा शिकवायचास. तुझे छापील कागद मी तेव्हा वाचायचे, प्रत्येक गणिताखाली ताळा असायचा. मग परीक्षा बदलल्या, प्रश्नाला चार पर्याय आणि मिनिटभर वेळ, अशा आल्या. बाकं वाढली, मजले वाढले, आणि कागदावरून ताळा गेला. त्याच्या जागी चौकटीत मंत्र आला. वर्ग करा अन् समोर चला.

तुझ्या मंत्राची फळं अधूनमधून माझ्याकडे अमरावतीला येत. एकानं लिहिलं होतं की a वर्ग अधिक b वर्ग, सगळ्याचं वर्गमूळ, म्हणजे a अधिक b. मी विचारलं, तीनचा वर्ग आणि चारचा वर्ग मिळवले तर पंचवीस, त्याचं मूळ पाच की सात? तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आकडे टाकले तं पाच येते, अक्षरं ठेवली तं सात येते." मी तुला फोन करून हे सांगितलं. तू इतका हसलास की तुझ्या हातून फोन पडला. मग म्हणालास की हे मी शिकवलं नाही. शिकवलं नसशील. पण पोरांना समोर हाकणाऱ्यानं मागे काय सांडलं ते कधी वळून पाहिलं होतं का?

भाऊबीजेला तर दरवर्षी ठरलेलंच. ओवाळणी झाली की ताटावरच सुरू. एकदा तू म्हणालास, घातांकातला अपूर्णांक कसाही लिहा, एक तृतीयांश काय आणि दोन षष्ठांश काय, सारखंच. मी म्हटलं, उणे आठ घे. त्याचं घनमूळ उणे दोन. आता तुझ्या दोन षष्ठांशानं जा, आधी वर्ग कर, चौसष्ट, त्याचं सहावं मूळ काढ, अधिक दोन. उणेचं अधिक झालं, आता कोणतं खरं? पाया ऋण असला की तुझी ही पळवाट चालत नाही. वहिनी पुरणाची पोळी घेऊन उभी होती आणि आपल्या दोघांनाही ताट दिसत नव्हतं. तू म्हणालास, "ऋण पाया पेपरात येतच नाई." हे तुझं ठरलेलं होतं. जे पेपरात येत नाही ते जगात नाही. मी म्हटलं, दादा, तू मास्तर नाहीस, तू दलाल आहेस. वहिनीनं पोळी ताटात टाकली आणि आत निघून गेली.

मला त्या शब्दाचं वाईट वाटत नाही. आजही तोच वापरीन.

दुसऱ्या एका भाऊबीजेला मी तुला कोपऱ्यात धरलं होतं. तुझी सगळ्यात गाजलेली युक्ती म्हणजे पर्याय ठेवून पाहा. समीकरण सोडवूच नका, चारही उत्तरं एकेक करून आत टाका, जे बसेल ते ठोका. मी म्हटलं, अरे, हाच तर ताळा. तू ताळ्यालाच उलटा करून शॉर्टकट म्हणून विकतोस, आणि त्याच पोरांना सांगतोस की ताळा करू नका. तू ओवाळणीचं ताट बाजूला सरकवलंस. मग म्हणालास, "मंग तं मी तुहंच काम करून राह्यलो ना, कुंदे. नाव बदलून." मला तेव्हा याचा राग आला. आता वाटतं, तिथे आणखी थोडं थांबायला हवं होतंस. पण तू ताबडतोब विषय बदललास आणि मला गिला वडा कुठे चांगला मिळतो ते विचारायला लागलास.

आणि एक कबूल करते, तुझ्याबद्दल एवढं वाईट लिहिल्यावर. घातांकात अपूर्णांक आला की पोरं गोंधळतात, वरचा आकडा कशाचा आणि खालचा कशाचा. तू शिकवायचास, झाडाचं मूळ कुठं असतं? खाली. मग खालचा आकडा मुळाचा. आणि आधी मूळ काढा, मग घात करा, आकडा हातात राहतो. सत्तावीसचा दोन तृतीयांश घात, घनमूळ तीन, त्याचा वर्ग नऊ, संपलं. यात खोटं काही नाही आणि एवढ्या सोप्या शब्दांत ते मला कधीच जमलं नसतं. मी ते माझ्या वर्गात सांगायचे, तुझं नाव न घेता. त्याबद्दल तुझे आभार. बाबांपुढे उभं राहून "कुंदीले माह्यापेक्षा जास्त गणित येते, तिले अमरावतीले धाडा" म्हणणारा तूच होतास, त्याबद्दलही. एवढं सगळं करू शकणाऱ्या माणसानं आयुष्यभर पोरांना अर्धवट शिकवावं, याचीच मला चीड येते.

शेवटचं आपण बोललो ते दवाखान्यात, दुपारी. नाकाला नळी होती आणि तरी तू मला विचारलंस, कोणता धडा चालू आहे. निवृत्त झाले आहे हे तू विसरला होतास किंवा विसरल्यासारखं करत होतास. मी म्हटलं, धड्याचं सोड, एकदा तरी मला खरं सांग, ताळा का सोडलास? तू म्हणालास, पोट्ट्याइले वेळ पुरत नाही. मी म्हटलं, खोटं उत्तर लवकर लिहून काय मिळतं? तू नाकाची नळी सावरलीस आणि म्हणालास, "तू माही बहीण हायस का पेपर तपासनारी?" हसायला गेलास आणि खोकला लागला. नर्सनं मला बाहेर काढलं. मी मूर्तिजापूरपर्यंत बसमध्ये मनात तुझ्याशी भांडत होते, आणि सगळे मुद्दे माझे बिनतोड होते. त्यानंतर तू बोललासच नाहीस.

म्हणून मी परवा तुझ्या क्लासात गेले. पायऱ्या चढताना प्रत्येक जिन्यावर तुझा फोटो, खाली पहिल्या आलेल्या पोरांची नावं. वर एसी, माइक, आणि गच्च भरलेला हॉल. पंकजनं माझी ओळख 'सरांच्या भगिनी' अशी करून दिली आणि तो फोन घ्यायला बाहेर पळाला. मी माइक बंद केला आणि फळ्यावर लिहिलं:

√(2x + 3) = x

सोडवा म्हटलं. पोरं हुशार आहेत, नाही म्हणणार नाही. दोन्ही बाजूंचा वर्ग, अवयव, आणि मी खडू खाली ठेवायच्या आत सगळीकडून उत्तर आलं, तीन आणि उणे एक. मी म्हटलं, आता उणे एक ठेवून पाहा. डाव्या बाजूला एकाचं वर्गमूळ, म्हणजे एक. उजवीकडे उणे एक. बसतं का? कोणी पेन उचललं नाही. सगळे माझ्याकडे असे बघत होते की मी धड्याबाहेरचं काही विचारलं आहे.

पहिल्या बाकावर अंजनगावची एक पोरगी होती. ती उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, ताळा आमी नाई करत. सर सांगत, ताळा माही बहीन करते, अमरावतीले. ज्याचं अडलं त्यानं तिच्याकडं जा. तिचं कधी चुकत नाई."

हॉल हसला. रोजचा विनोद असावा, कारण काहींनी शेवटचे शब्द तिच्याबरोबरच म्हटले. म्हणजे तू माझी टिंगल भरल्या वर्गात करत होतास, दर बॅचला, आणि माझी ओळख न झालेली ही सगळी पोरं मला त्या विनोदातून ओळखत होती. मी तिला विचारलं, हे सर हसून सांगायचे का?

मागच्या बाकांवरून "हो, हो" आलं. त्या पोरीनं मान हलवली. "नाई मॅडम. हसू आमाले येत होतं. सर फळ्याकडं तोंड करून सांगत. आमाले त्याइचं तोंड नाई दिसत."

मी खडू उचलला. फळ्याकडे वळले, कारण मलाही पोरांना तोंड दाखवायचं नव्हतं. मग वळून सगळ्यांकडून ताळा करून घेतला, एकेका बाकापाशी जाऊन. उणे एकवर काट मारायला लावली आणि शेजारी कारण लिहायला लावलं. वेळ लागला. तुझ्या हिशेबानं तेवढ्यात आणखी कितीतरी गणितं झाली असती. पंकज दाराशी येऊन घड्याळ बघून गेला. मी त्याला सांगितलं की मी रोज येणार आहे, आणि धडा संपेपर्यंत येणार आहे.

दादा, आता माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. एक, तू माझी थट्टा करत होतास. साय खाणारा, डोळा मारणारा, दुसऱ्याला धपाटा बसला तरी आपलं सोयीचं चालू ठेवणारा तू, तुला हे शोभतं. दुसरं, जे तुला सांगायला वेळ नव्हता, किंवा हिंमत नव्हती, त्यासाठी तू पोरांना माझ्याकडे धाडत होतास, आणि पाठ फिरवून सांगत होतास कारण तोंडावर खरं दिसलं असतं. तुझ्याकडूनच निघालेली दोन्ही उत्तरं, आणि एकाच वेळी दोन्ही खरी असू शकत नाहीत. मला तुझी फार आठवण येते. या वयात असं वाक्य लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आयुष्यभर मी लोकांच्या खोट्या उत्तरांवर काट मारत आले, हात कधी थांबला नाही. आज क्लासातून परतून अमरावतीत, घरी, हे लिहून झाल्यावर किती वेळ पेन धरून बसले आहे, आणि दोन्हींपैकी एकावरही मारवत नाही.